तोफ, छापखाना आणि साबुदाणा

आमच्या सरांच्या घराची पश्चिमेकडची भिंत पावसाने बसली, तेव्हा त्यांनी गवंड्याला बोल लावला नाही की वाळूवाल्याला. ढिगाऱ्यासमोर कमरेवर हात ठेवून ते शांतपणे म्हणाले, "मुळात कॉन्स्टँटिनोपल पडायला नको व्हतं."

शेजारी उभा असलेला गवंडी पार बावचळला. "सर, ते काम माझं न्हाई," तो म्हणाला. "मी फकस्त तुमची भिंत बांधलीय."

मी त्या वेळी केजच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवत होतो आणि सर इतिहास. माझं बिऱ्हाड लातूरला, म्हणून आठवडाभर मी सरांच्याच माडीवरच्या खोलीत भाड्याने राहायचो. म्हणजे दुपारी स्टाफरूममध्ये सर, संध्याकाळी जिन्यात सर आणि वहिनींनी जेवायला बोलावलं की ताटासमोरही सर. इतक्या जवळून बघूनही हा माणूस मला नेमका कळला, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. जितका जवळ गेलो तितका गोंधळ वाढला. भूगोलाच्या माणसाला ही सवय नसते. आमच्याकडे डोंगराजवळ गेलं की डोंगर मोठा दिसतो, एवढंच. हा डोंगरच आहे ना, असा प्रश्न पडत नाही.

सरांचा सिद्धांत असा, की आजचं जग तीन गोष्टींनी घडवलं. तोफ, छापखाना आणि मिरची. तोफेने तटबंदीआडची राज्यं मोडली, छापखान्याने पोथी बाळगणाऱ्यांचा तोरा मोडला आणि मिरचीने आपलं तोंड भाजलं. "पहिल्या दोन पुस्तकात हायत," ते वर्गात सांगायचे. "तिसरी तुमच्या ताटात हाय, म्हणून कुणाला दिसत न्हाई." तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, मसाल्याची जुनी वाट महाग झाली, नवी वाट शोधायला जहाजं निघाली. एकजण भलतीकडेच पोचला आणि त्याच्या मागोमाग मिरची, बटाटा, शेंगदाणा, मका असं सगळं समुद्रावर निघालं. दुसरा आफ्रिकेला वळसा घालून आपल्याकडे आला आणि त्याच्या वाटेने तो माल आपल्या किनाऱ्याला लागला. इथवर सगळं पुस्तकातलंच. पण पुस्तक जिथे थांबायचं तिथून सर सुरू व्हायचे आणि किनाऱ्यावरची ती मिरची घाट चढवून, नद्या ओलांडून, चालवत चालवत केजच्या बाजारात आणून उभी करायचे.

वर्गात ते दोन बाकं जोडून जहाज करायचे. त्यावर मागच्या रांगेतली धिप्पाड पोरं बसवायची, त्यांना खिडकीकडे तोंड करायला लावायचं आणि सांगायचं, "तुमाला वाटतंय तुमी हिंदुस्थानात आलात." खिडकीबाहेर सायकल स्टँड. तास संपला की पोरं विचारायची, "सर, मग आमी पोचलो कुठं?"

"तेच तर. त्याला बी मरस्तोवर कळलं न्हाई."

पोरं डोकं खाजवत बाहेर पडायची आणि सर समाधानाने हातावरचा खडू झटकायचे. एखाद्या पोराच्या चेहऱ्यावर 'समजलं' असं दिसलं की मात्र त्यांना संशय यायचा. त्याला ते थांबवून घ्यायचे आणि गोंधळ होईपर्यंत सोडायचे नाहीत.

एकदा त्यांनी चाचणी परीक्षेत प्रश्न काढला, 'कोलंबस घरीच बसला असता तर आज तुमच्या घरी कोणती भाजी असती? कारण द्या.' एका पोराने लिहिलं, 'वांगं. कारण आमच्या घरी रोजच वांगं असतं.' सरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. प्राचार्यांनी बोलावून जाब विचारला.

"उत्तर बरोबर हाय न्हवं?" सर म्हणाले. "वांगं हितलंच हाय."

"अहो, पण कारण?"

"कारण तर उत्तराहून बरोबर हाय."

प्राचार्यांनी तो पेपर पुन्हा वाचला, पुन्हा सरांकडे पाहिलं आणि पेपर परत केला. सरांच्या बाबतीत हे सगळ्यांचंच व्हायचं.

बाजारात तर मी त्यांच्याबरोबर मुद्दाम जायचो, कारण तेवढी फुकटची करमणूक केजमध्ये दुसरी नव्हती. भाजीच्या पाट्यांचे त्यांनी दोन भाग पाडले होते, 'असलेल्या' आणि 'आलेल्या'. वांगी, कारली, दोडका, गवार असलेली; टोमॅटो, बटाटा, ढोबळी मिरची आलेली. एका म्हातारीपुढे उकिडवं बसून त्यांनी विचारलं, "मावशी, ही मिरची कुठली?"

"शेतातली."

"त्याच्या आधी?"

"रोपवाटिकेतली."

"त्याच्या बी आधी. ही मेक्सिकोची हाय."

म्हातारीने त्यांच्या हातातली मिरची काढून पाटीत टाकली. "मग तिकडं जाऊन घ्या. हितं कावून बसलाव?"

मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर आम्ही बीडहून येताना जेवायला थांबलो, तेव्हा सरांना लहर आली, की आज पंधराव्या शतकातलं जेवायचं. त्यांनी वेटरला बोलावून सांगितलं, "मिरची नको, टमाटा नको, बटाटा नको, शेंगदाण्याचा कूट नको, मका नको, काजू नको." वेटरने खांद्यावरचं फडकं उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतलं आणि नम्रपणे विचारलं, "मग साहेब, नुसतं ताट आणू?"

आणि शिक्षकदिनाचा तो प्रसंग. पाहुणे म्हणून भागातले एक बडे पुढारी आलेले, आणि परिचय करून द्यायचं काम कुणाच्या तरी अवकृपेने सरांकडे. सरांनी सुरुवात चौदाशे त्रेपन्नपासून केली. मी मागच्या खुर्चीवर बसून मनातल्या मनात उड्या मारत होतो. पुढारी हार गळ्यात घालून बसले होते. सर पोर्तुगालला पोचले तेव्हा त्यांनी हार काढून मांडीवर ठेवला. जर्मनीत बायबल छापून होईपर्यंत हाराच्या पाकळ्या खुडून झाल्या. पानिपतावर पहिल्यांदा तोफा उडाल्या आणि लाइट गेली. माईक बंद पडला, पाहुण्यांचं नाव अजून यायचंच होतं. गाडीत बसताना ते आपल्या माणसाला विचारत होते, "काय बे, हे सर आपल्या बाजूचे हायत का समोरच्या?"

तो बिचारा काय सांगणार. आम्हालाच माहीत नव्हतं.

तर असे सर. पोरं त्यांना हसायची, प्राचार्य त्यांना टाळायचे, मी त्यांचा आस्वाद घ्यायचो. त्यांचं बोलणं शब्दशः खरं मानणारं अख्ख्या केजमध्ये एकच माणूस होतं आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, सरांच्याही नाही. त्या म्हणजे वहिनी.

वहिनी घाटनांदूरच्या. शाळा सातवीपर्यंत. बोलणं मोजकं. सर जेवताना शतकंच्या शतकं बोलायचे आणि वहिनी भाकरी थापत ऐकायच्या. "हं" म्हणायच्या. मला वाटायचं, घरोघरी नवऱ्याच्या बोलण्याला बायका म्हणतात तसलाच हा "हं". पण तो तसला नव्हता.

ते नवरात्रात कळलं. वहिनींना नऊ दिवसांचे उपवास. आमच्याकडे पुष्कळजणी उठता-बसता करतात, म्हणजे पहिला दिवस आणि शेवटचा; वहिनी पुरे नऊ धरायच्या. घट बसला, मातीत धान्य पेरून झालं, अखंड दिवा लागला, आणि दुपारी वहिनी साबुदाण्याच्या खिचडीचं ताट घेऊन बसल्या. मला आणि सरांना उपवास नव्हता, तरी आम्हीही खिचडीवर डोळा ठेवून बसलेलो. सरांनी एक घास घेतला आणि त्यांची कळी खुलली.

"गंमत बघा," ते मला म्हणाले. "साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो ब्राझीलचा. शेंगदाणा तिकडचाच. मिरची तिकडची. बटाटा तिकडचा. रताळं, राजगिरा, पपई, समदं जहाजातनं आलेलं. आता मला सांगा, जहाज यायच्या आधी बाया उपास कशावर धरत व्हत्या?"

मी हसलो. वहिनींचा हात ताटातच थांबला.

"म्हंजी हे उपासाचं न्हाई?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांच्या अध्यापनात सरांना इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. ते खूश झाले. "शास्त्राचं मला ठाऊक न्हाई. पण जुनं म्हणशील तर न्हाई."

"मग आजवरचे माझे उपास?"

"तसं बघितलं तर," सर हसत म्हणाले, "समदे मोडले की."

वहिनींनी हात धुतला, ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. सर पुढे राजगिऱ्यावर बोलत राहिले.

संध्याकाळी त्या पाण्यावर होत्या. दुसऱ्या दिवशीही. सरांनी आधी थट्टा केली, मग समजावलं, मग देवळातल्या गुरुजींना घरी आणलं. गुरुजी म्हणाले, "बाई, परंपरेनं चालतंय. खुशाल खावा." वहिनी त्यांच्या पाया पडल्या आणि त्यांना वाटेला लावलं. मग सरांना म्हणाल्या, "त्यांनी कुठं वाचलंय. तुमी वाचलंय."

सर पहिल्यांदा खाली बसले. "अगं, एवढं काय हाय त्या उपासात?"

"सांगायचं नसतंय."

"तरी."

"लगीन झालं त्या वर्षी तुमाला कावीळ झालती. डाक्टरनं हात टेकलते. तवा म्या अंबाजोगाईच्या देवीला बोलले, ह्यांना राखलंस तर जलमभर नऊ दिवस निर्मळ धरीन." त्या घटाकडे बघत होत्या, सरांकडे नाही. "तुमी राहिलाव. अन म्या सालोसाल जहाजाचं खाल्लं. एवढं साल तरी नीट धरते. फिटलं तर फिटलं."

सरांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसलं ते मी त्यांच्या वर्गातल्या पोरांच्या चेहऱ्यावर नेहमी बघायचो.

मग धावपळ सुरू झाली. वहिनींचा रक्तदाब आधीच कमी असायचा, उन्हात उभं राहिलं तरी चक्कर यायची. जहाजाच्या आधीचं काहीतरी त्यांच्या पोटात जायला हवं होतं. सरांनी भगर आणली. "ही आपली," ते म्हणाले. वहिनींनी विचारलं, "नक्की? वाचलंय?" सरांनी भगरीबद्दल काही वाचलेलं नव्हतं. ते खोटं बोलायला शिकलेले नव्हते, म्हणून क्षणभर थांबले, आणि त्या क्षणानेच भगर बाद झाली. सर तसेच दुकानात गेले. मीही मागोमाग.

"ही भगर कुठून येते?"

"नाशिककडून," दुकानदार म्हणाला.

"नाशिकच्या आधी?"

"नाशिकच्या आधी, सर, गोडाऊन."

केळी नेली तर वहिनी म्हणाल्या, "केळ कुठल्या बेटावरलं म्हणून तुमीच एकदा सांगितलंव. भाकरी करत व्हते म्या तवा." खजूर अरबांचा. चहा चीनचा. घटाला रोज झेंडूची माळ चढायची, तीही त्यांनी थांबवली, कारण झेंडू मेक्सिकोचा हेही सरांनीच कधीतरी सांगितलं होतं. मग सर आणि मी माळावर तरवडाची पिवळी फुलं तोडत हिंडलो. सरांनी जेवताना जे जे म्हणून सांगितलं होतं ते ते वहिनींना पाठ होतं, आणि आता त्यातला एकेक शब्द सरांच्या विरुद्ध साक्षीला उभा राहत होता. मला आधी हसू येत होतं. नंतर येईना.

दूध तरी घ्या म्हटलं, तर शेजारची गाय जर्सी. सरांनी स्कूटर काढली आणि गावाबाहेर धनगरांची वस्ती होती तिथे गेलो. तिथल्या म्हाताऱ्याच्या दारात एक लाल गाय होती.

"बाबा, ही देशीच का?"

"हिची माय हितंच मेली. आजी हितंच मेली."

"अन त्याच्या आधी?"

म्हाताऱ्याने सरांकडे दया आल्यासारखं बघितलं. "त्याच्या आधी माझा आजा व्हता. त्यालाच ठावं. तो बी मेला."

सरांना एवढा पुरावा पुरला. म्हणजे पुरवून घेतला. वहिनींनी ते दूध अर्धा पेला घेतलं, रोज तेवढंच. पाचव्या माळेला दिव्यात तेल घालताना त्यांना अंधारी आली. समई कलंडली नाही, एवढं नशीब. डॉक्टरांनी येऊन सलाइन लावलं आणि सरांना बाहेर बोलावून सांगितलं, की उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर बीडला हलवावं लागेल. "तुम्ही शिकलेले आहात, त्यांची समजूत काढा," असंही म्हणाले. शिकलेले असण्याचाच तर सगळा घोळ होता, पण हे डॉक्टरांना कोण सांगणार.

सर वहिनींच्या कॉटजवळ स्टूल घेऊन बसले. मी दारात. त्यांनी जन्मात कधी केली नसेल इतकी तयारी या तासाची केली असावी, कारण सुरुवात कॉन्स्टँटिनोपलपासून नव्हती.

"हे बघ. तू घाटनांदूरची. लगीन होऊन हितं आलीस. इतकी वर्सं झाली. आता तू कुठली?"

मी मनात म्हटलं, वा. बटाटाही तसाच आला, राहिला, इथला झाला. मुद्दा बिनतोड होता.

"घाटनांदूरची," वहिनी म्हणाल्या.

"अगं, आता केजचीच की."

"कशी? राहिलं म्हणून माहेर बदलतंय व्हय?"

सर चष्मा काढून पुसायला लागले. पुसून झाल्यावर डोळ्यांवर चढवला नाही, तसाच हातात धरून बसले. बाहेर कुणाच्या तरी घरी आरती चालली होती. मग ते बोलले, तेव्हा आवाज वर्गातला नव्हता.

"नवस म्या जगावं म्हणूनच व्हता न्हवं?"

"व्हय."

"मग म्या जगलो."

वहिनींनी उशीवरूनच घटाकडे पाहिलं.

"सालोसाल तू साबुदाणा खाल्लास अन सालोसाल म्या जगलो. देवीला चाललं नसतं तर तिनं मला ठेवलं असतं का? तुला पुरावा पायजे. हा काय तुझ्यापुढं बसलाय. चष्मा लागलाय, दोन दाढा पडल्यात, पण हाय."

एकामागून एक गोष्ट घडली म्हणजे पहिलीमुळेच दुसरी घडली असं नसतं, यावर सरांनी पोरांच्या किती उत्तरपत्रिका लाल केल्या असतील त्याला हिशेब नाही. तोच माणूस तेच उत्तर तोंडी देत होता आणि परीक्षकाच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्यांना ते पटलेलं होतं का? मला तेव्हाही कळलं नाही, आजही नाही.

वहिनींनी त्यांना नीट न्याहाळलं. बाजारात वांगं घेताना न्याहाळतात तसं, सगळीकडून. मग म्हणाल्या, "खिचडी करता येतीय का?"

सर उठले. स्वयंपाकघरातून लगेच तडतड ऐकू आली, म्हणून मी आत धावलो. त्यांनी कोरडा साबुदाणा थेट गरम तुपात घातला होता आणि तो फुटाण्यासारखा उड्या मारत होता. "हे कावून असं करतंय?" ते विचारत होते. पार ब्राझीलपासूनचा प्रवास ठाऊक असलेल्या या माणसाला साबुदाणा आधी भिजवावा लागतो हे माहीत नव्हतं. मी गॅस बंद केला आणि बटाटे उकडायला लावले.

बटाटा सरांनी स्वतः सोलला, बोटं भाजून घेत. कुस्करून त्यावर मीठ भुरभुरलं. उपवासाला वहिनी सैंधवच वापरायच्या, त्याचीच बरणी होती. ताट घेऊन आम्ही बाहेर आलो. वहिनींनी पदर सावरला, घटाला हात जोडले आणि एक घास तोंडात घातला. चावता चावता थांबल्या.

"अन हे मीठ कुठलं?"

"आपलंच," सर म्हणाले. या वेळी ते क्षणभरही थांबले नाहीत.

सैंधव मीठ कुठल्या डोंगरातून निघतं ते मी पोरांना नकाशावर दाखवत आलोय. तो डोंगर फाळणीपासून सीमेच्या पलीकडे आहे. पण सर ज्या शतकांत राहायचे तिथे ती सीमा नव्हती, तेव्हा त्यांच्या हिशेबाने ते खरंच बोलले असतील. किंवा आयुष्यातलं पहिलं खोटं बोलले असतील. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, हातातल्या बटाट्याच्या सालींकडे बघत होते.

वहिनींनी मात्र मान माझ्याकडे वळवली. "व्हय का, भाऊजी? तुमी भूगोल शिकवताव."

"व्हय वहिनी," मी म्हणालो. "आपलंच हाय."

त्यांनी दुसरा घास घेतला.